हाजींची झडती आणि पाण्याला मोकळीक

१८६५च्या हजमध्ये कॉलरा पसरला. सुमारे ९० हजार यात्रेकरूंपैकी १५ हजार त्यात गेले, असा त्या काळचा अंदाज आहे. जे वाचले ते बोटीने सुएझला, तिथून रेल्वेने अलेक्झांड्रियाला आणि मग भूमध्य समुद्रावरच्या बंदरांकडे निघाले. सुएझचा कालवा तेव्हा अजून व्हायचा होता. पण आगगाडी आणि आगबोट या दोन वाहनांनी अंतर इतकं कमी केलं होतं की त्याच वर्षी रोग मार्सेयपर्यंत पोहोचला. युरोप हादरला आणि पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १८६६ला, कॉन्स्टॅन्टिनोपल म्हणजे इस्तंबूलमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. अनेक महिने चर्चा करून परिषदेने निकाल दिला: कॉलऱ्याचं घर गंगेच्या खोऱ्यात आहे आणि तो जगभर नेणाऱ्यांत मक्केचे यात्रेकरू प्रमुख आहेत.

इथून हाजींच्या झडतीचा काळ सुरू झाला. १८८२मध्ये उस्मानी सरकारने तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कामरान बेटावर क्वारंटाइनचं ठाणं उघडलं. मुंबईहून जेद्द्याला निघालेली हाजींची बोट आधी इथे लागायची. सगळ्यांना उतरवायचं, आंघोळ घालायची, कपडे आणि बिछाने वाफेच्या यंत्रातून काढायचे आणि काही दिवस छावणीत ठेवायचं. त्याची फीसुद्धा हाजींकडूनच घ्यायची. १८९४मध्ये तर पॅरिसला खास हजयात्रेवर वेगळी परिषद झाली आणि बोटीवर एका माणसामागे किती जागा हवी इथपासून नियम ठरले. १९१५मध्ये ब्रिटिशांनी बेट ताब्यात घेतलं, तरी ठाणं चालूच राहिलं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी मुस्लिम घरांत पणजोबांच्या हजच्या आठवणी मक्केच्या आधी कामरानपासून सुरू होतात, त्या यामुळे.

एक गोष्ट सरळ सांगायला हवी. या इतिहासाकडे फक्त मुसलमानांवरचा अन्याय म्हणून पाहणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. कॉलरा हाजींसोबत खरोखर प्रवास करत होता आणि मरणारे सगळ्यात जास्त हाजीच होते. बोटींचे मालक तिकिटं विकताना माणसं कोंबत, त्यामुळे काहीतरी बंधन हवंच होतं. उलट हिंदुस्थानातलं ब्रिटिश सरकार कित्येक वर्षं कॉलरा संसर्गजन्य नाहीच, असं म्हणत क्वारंटाइनला विरोध करत राहिलं. हाजींच्या काळजीपेक्षा व्यापार अडू नये ही चिंता त्यामागे मोठी होती. प्रश्न असा आहे की माणसावर इतकी बारीक नजर ठेवणाऱ्या या यंत्रणेच्या नजरेतून सुटलं काय?

सुटलं ते पाणी.

पूर्णपणे सुटलं असंही नाही. रॉबर्ट कॉखने १८८३-८४मध्ये आधी इजिप्तमध्ये आणि मग कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू शोधल्यावर पाण्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. १८९३च्या ड्रेस्डेन परिषदेत जहाजांचे तीन वर्ग केले गेले: रोगग्रस्त, संशयित आणि निरोगी. रोगग्रस्त जहाजाच्या तळाशी साचलेलं पाणी, ज्याला जहाजी माणसं बिल्ज म्हणतात, ते निर्जंतुक करूनच बाहेर काढायचं, असा नियम झाला. चुनखळी, ब्लीचिंग पावडर, कार्बोलिक ॲसिड ही त्या काळची हत्यारं. जहाजातल्या पाण्यावर रसायन टाकून जंतू मारण्याची कल्पना म्हणजे निदान एवढी जुनी आहे.

पण या नियमातली मेख बघा. जहाज रोगग्रस्त कधी ठरायचं? जहाजावर माणूस आजारी पडला तर. म्हणजे पाण्याची तपासणीसुद्धा माणसाच्या उलट्या-जुलाबांवर अवलंबून. सगळे खलाशी ठणठणीत असतील तर ते जहाज निरोगी, मग त्याच्या पोटात कुठल्याही खाडीचं पाणी असो.

आणि नेमक्या याच काळात जहाजांच्या पोटात पाणी भरण्याची पद्धत रुळत होती. रिकामं जहाज समुद्रात हलकं होतं, डुलतं, प्रसंगी उलटतं. म्हणून तळाशी वजन ठेवावं लागतं. जुन्या मराठी कोशांत यासाठी ‘नीरम’ असा शब्द आहे. शिडांच्या जहाजांवर नीरम म्हणजे दगड, वाळू, माती. बंदरात ती उपसून टाकायची, माल भरायचा आणि परत जाताना पुन्हा दगड भरायचे. यात मजुरी जाई आणि दिवस जात. १८५२मध्ये इंग्लंडच्या टाइन नदीकाठी ‘जॉन बोव्स’ नावाची लोखंडी आगबोट बांधली गेली. ती लंडनला कोळसा नेई आणि परतताना टाक्यांत पाणी भरून येई. पंप लावला की पाणी आत, पंप लावला की बाहेर. विसाव्या शतकात पोलादी जहाजांनी दगडांना कायमची सुट्टी दिली आणि बॅलास्ट म्हणजे पाणी, असं समीकरण झालं.

आज दोन लाख टनांचं एक मोठं मालवाहू जहाज रिकामं निघतं तेव्हा त्याच्या टाक्यांत ५०-६० हजार टन समुद्र असू शकतो. जगभरात वर्षाला सुमारे १० अब्ज टन बॅलास्ट पाणी इकडून तिकडे जातं, हा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. यातला एक मुद्दा फारसा बोलला जात नाही. हे पाणी मालाच्या उलट दिशेने जातं. जो देश जड कच्चा माल विकतो, त्याच्या बंदरात रिकामी जहाजं येतात आणि खरेदीदाराच्या खाडीतलं पाणी ओततात. मुरगावहून गोव्याचं लोहखनिज जपानला जात होतं तेव्हा तिकडची जहाजं मुरगावला रिकामी येत. इराणचं तेल खार्ग बेटावरून जातं, तिथेही टँकर पाणी घेऊनच येतात. खनिज विकणारा त्याचे पैसे मोजून घेतो. बदल्यात आलेल्या पाण्याची नोंद बराच काळ कुठल्याच वहीत होत नव्हती.

या पाण्यात काय असतं याची पहिली शंका एका डॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञाने घेतली. १९०३मध्ये उत्तर समुद्रात एक सूक्ष्म शैवाल एकाएकी मोठ्या प्रमाणात दिसलं, जे तोवर आशियाच्या समुद्रातलं म्हणून माहीत होतं. ओस्टेनफेल्ड यांनी १९०८मध्ये लिहिलं की ते जहाजासोबत आलेलं असावं. बंदरांचे डॉक्टर तेव्हा हाजींचे बिछाने वाफवत होते. ओस्टेनफेल्डच्या लेखाकडे त्यांचं लक्ष जाण्याचं कारणही नव्हतं, शैवालाने कोणी मरत नव्हतं. बॅलास्टच्या टाकीत उतरून पद्धतशीर नमुने घेतले गेले ते १९७०च्या दशकात, ऑस्ट्रेलियात. मधली साठ-सत्तर वर्षं जहाजं ओतत राहिली.

नुकसान दिसायला लागलं ते मासेमारांच्या जाळ्यात. १९८२मध्ये काळ्या समुद्रात अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक पारदर्शक, जेलीसारखा जीव सापडला. निमिओप्सिस त्याचं नाव. तो प्लवक खातो, माशांची अंडी आणि पिल्लंही खातो, आणि तिथे त्याला खाणारं कोणी नव्हतं. १९८९च्या सुमाराला त्याचा इतका सुळसुळाट झाला की तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर हमसीची मासेमारी कोसळली. हमसी म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी, तिकडच्या गरिबाचं रोजचं कालवण. अतिमासेमारीचाही त्यात हात होता, हे खरं. पण तोच जीव व्होल्गा-डॉन कालव्यातून जहाजांच्या पाण्याबरोबर १९९९पर्यंत कॅस्पियन समुद्रात पोहोचला आणि इराणच्या किनाऱ्यावर किल्का नावाच्या छोट्या मासळीची तीच गत झाली. ट्रॅबझोनचा किंवा अन्झलीचा कोळी बॅलास्टच्या टाकीत कधी डोकावला नव्हता, पण बिल त्याच्या नावावर फाडलं गेलं.

कॉलरा पुन्हा चर्चेत आला तो १९९१मध्ये. जानेवारीत पेरूच्या किनाऱ्यावर साथ सुरू झाली. दक्षिण अमेरिकेने जवळपास शंभर वर्षांत हा रोग पाहिला नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत अलाबामाच्या मोबाइल उपसागरातल्या कालवांत त्याच साथीचा जंतू सापडला. अमेरिकी तपासनिसांनी मेक्सिकोच्या आखातातल्या बंदरांत लागलेल्या मालवाहू जहाजांचं पाणी तपासलं, तर पाच जहाजांच्या बॅलास्ट, बिल्ज वगैरे पाण्यांत जिवंत जंतू मिळाले. जहाजावर आजारी कोणी असो वा नसो, जंतू टाकीत होता. १८९३च्या नियमातली मेख शंभर वर्षांनी अशी उघडी पडली.

पेरूतली साथसुद्धा बॅलास्टनेच आणली, असं तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं. ते सिद्ध झालेलं नाही. रिटा कॉलवेल यांनी दाखवून दिलं होतं की हा जंतू खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात, सूक्ष्म प्लवकांना चिकटून, माणसाशिवायही जगतो. त्यामुळे काहींनी बोट एल-निनोकडे दाखवलं. २०१७मध्ये जंतूंच्या जनुकांचा मोठा अभ्यास आला, त्यात त्या साथीची मुळं आफ्रिकेतल्या जंतूंशी जुळली. हाजींवर जसा एका फटक्यात शिक्का बसला तसा पाण्यावरही बसवू नये, एवढं भान ठेवलेलं बरं. मोबाइलच्या कालवांबाबत मात्र संशयाला भक्कम आधार आहे.

आपल्याकडे पाक आणि साफ या दोन शब्दांत फरक करतात. समुद्राचं पाणी पाक आहे, त्याने वुजू होतो, यावर मतभेद नाहीत. पण पाक पाणी निरुपद्रवी असेलच असं नाही. टाकीतलं पाणी साफ करायचं कसं, हा प्रश्न आता जगापुढे आला.

पहिला उपाय सोपा वाटणारा होता. बंदरातलं पाणी भर समुद्रात सोडायचं आणि तिथलं खोल समुद्राचं पाणी भरायचं, कारण किनाऱ्यावरचे जीव खोल समुद्रात तगत नाहीत आणि खोल समुद्रातले किनाऱ्यावर तगत नाहीत. नियमही झाला: शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर, २०० मीटर खोलीवर, ९५ टक्के पाणी बदललं पाहिजे. पण ज्या वजनावर जहाज उभं आहे तेच चालत्या जहाजात काढून पुन्हा भरायचं, हे काम जोखमीचं आहे. जुलै २००६मध्ये ‘कुगर एस’ हे मोटारी वाहून नेणारं जहाज अलास्काच्या अल्युशियन बेटांजवळ बॅलास्ट बदलताना जवळपास आडवं झालं. २३ खलाशांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. खलाशी वाचले, पण पुढे जहाज सोडवायला गेलेल्या पथकातला एक तज्ज्ञ दगावला. शिवाय टाकीच्या तळाचा गाळ अशा बदलाने निघत नाही, आणि शैवालांची बीजं नेमकी त्या गाळात झोपून असतात. टास्मानियात गुस्ताफ हॅलग्राफ यांनी विषारी शैवालांची हीच बीजं शोधली. ही शैवालं शिंपल्यांत साठली आणि माणसाने ती खाल्ली तर पक्षाघात होतो. त्यांच्या पथकाला जपानहून आलेल्या एकाच जहाजात अशी ३० कोटींहून जास्त बीजं असल्याचा अंदाज मिळाला.

मग रसायन. नळाच्या पाण्यात आपण शतकाहून अधिक काळ क्लोरीन घालतो. १९०८मध्ये अमेरिकेच्या जर्सी सिटीत ते कायमस्वरूपी सुरू झालं आणि टायफॉइड, कॉलरा आटोक्यात आणण्यात त्याचा वाटा मोठा आहे. तेच टाकीत टाकलं तर? ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत दिसलं की झोपलेली बीजं मारायला नळाच्या पाण्यातल्या मात्रेच्या शेकडो पट क्लोरीन लागतं. तेवढं क्लोरीन हजारो टन पाण्यात घालून ते बंदरात ओतायचं म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम. म्हणून बीजं असलेलं पाणी आधी गाळायचं, मोठे जीव चाळणीवर अडवायचे आणि उरलेल्यांना रसायन द्यायचं, ही दोन टप्प्यांची पद्धत पुढे आली.

यातली एक युक्ती मला फार आवडते. क्लोरीनची पिंपं जहाजावर न्यायचीच नाहीत. समुद्राच्या पाण्यात मीठ आहेच. त्यातून वीज सोडली की मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीन आणि त्यापासून हायपोक्लोराइट तयार होतं, म्हणजे ज्याने आपण फरशी पुसतो तेच. समुद्राच्या पाण्यापासूनच त्याचं औषध. पण समुद्रात ब्रोमाइडही असतं, लिटरमागे साधारण ६५ मिलिग्रॅम. क्लोरीन त्याच्यावर तुटून पडतं आणि ब्रोमीन मोकळं करतं. त्यामुळे खाऱ्या पाण्यात जंतू मारण्याचं प्रत्यक्ष काम बरंचसं ब्रोमीन करतं. सोबत हायड्रोजन वायू सुटतो, तो पंख्याने पातळ करून बाहेर काढला नाही तर स्फोटाचा धोका. नदीच्या मुखाशी पाणी गोडं असेल तर वीज सोडून फार काही निघत नाही, म्हणून काही जहाजं एका टाकीत खारं पाणी राखून ठेवतात.

जंतू मेले की क्लोरीनही मारावं लागतं. बंदरात पाणी सोडताना त्यात सोडियम थायोसल्फेट किंवा बायसल्फाइट मिसळतात. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणारे नळाच्या पाण्यात थेंब घालतात, ते हेच थायोसल्फेट. पण सगळंच निवळत नाही. १९७४मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी दाखवलं होतं की क्लोरीन पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याशी मिळून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं बनवतं. समुद्राच्या पाण्यात ब्रोमीनमुळे त्याऐवजी ब्रोमोफॉर्म आणि त्याचे भाऊबंद बनतात, आणि थायोसल्फेटचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

या सगळ्याचा कायदा झाला १३ फेब्रुवारी २००४ला लंडनमध्ये. तारीख योगायोगाने १८६६च्या परिषदेचीच. ठरलं असं की सोडलेल्या पाण्यात घनमीटरमागे ५० मायक्रॉनहून मोठे जिवंत जीव १०पेक्षा कमी असले पाहिजेत आणि कॉलऱ्याच्या विषारी जंतूंची १०० मिलिलिटरमध्ये एकही वसाहत उगवता कामा नये. ही अट आता जहाजावर कोण आजारी आहे ते विचारत नाही. रसायन वापरणाऱ्या यंत्रांना वेगळी परीक्षा आहे: यंत्राने जंतू मारून तर दाखवायचेच, पण बाहेर पडणारं पाणी मासे, शैवाल आणि माणसं यांना अपाय करत नाही हेही आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटापुढे सिद्ध करायचं. कामरानला हाजींच्या अंगावर आणि सामानावर जे प्रयोग झाले, त्यांच्या आधी अशी परीक्षा कोणी मागितली नव्हती. हा फरक मोठा आहे. पण हाजींसाठी नियम तडकाफडकी झाले होते. हा करार लागू व्हायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडला आणि सगळ्या जहाजांना यंत्राची अट बांधायला ८ सप्टेंबर २०२४. यंत्राचा खर्च जहाजमालकाचा होता, म्हणून.

मुंबईचं नाव या इतिहासात दोनदा येतं. कॅरिबियन बाजूचा एक छोटा, काळ्या पट्ट्यांचा शिंपला १९६७मध्ये विशाखापट्टणमला आणि १९७५च्या आसपास मुंबईच्या नौदल गोदीत सापडला. तो लाकडावर, लोखंडावर, पाइपात, कशावरही थर करून बसतो. १९९९मध्ये हाच शिंपला ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या एका छोट्या बंदरात दिसला. तिथे तो बहुधा नावेच्या तळाला चिकटून आला होता. बंदराला दरवाजे होते, म्हणून सरकारने ते बंद केले, आत १६० टन हायपोक्लोराइट आणि त्याशिवाय मोरचूद ओतलं आणि शिंपल्यासकट आतला जवळपास सगळा जीव मारून टाकला. शिंपला संपला. मुंबई बंदराला असे दरवाजे नाहीत, तिथे तो राहिला. दुसऱ्यांदा नाव आलं २०००मध्ये, जेव्हा बॅलास्टच्या जागतिक प्रकल्पासाठी सहा देशांतली सहा बंदरं निवडली गेली. त्यांत मुंबई होतं आणि इराणचं खार्गही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबईच्या पाण्यातले जीव मोजून पहिली यादी केली, म्हणजे पुढे पाहुणा आला तर ओळखता येईल.

आता अडचण गाळाची आहे. ठाण्याच्या खाडीचं पावसाळ्यातलं पाणी ज्याने पाहिलंय त्याला कल्पना येईल. अशा पाण्यात यंत्राच्या चाळण्या काही वेळातच तुंबतात, आणि गाळ क्लोरीनही पिऊन टाकतो. माल उतरवायचा तर त्याच वेळी बॅलास्ट भरावा लागतो, धक्क्याचं भाडं तासाने चढत असतं, त्यामुळे कप्तान यंत्र वळसा घालून पाणी तसंच टाकीत घेतो. मार्च २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने अशा गढूळ बंदरांसाठी तात्पुरती मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. त्यांनुसार तसं घेतलेलं पाणी दूषित धरायचं, नोंदवहीत लिहायचं आणि पुढच्या बंदराआधी भर समुद्रात बदलून त्यावर प्रक्रिया करायची. नोंद कप्तानानेच करायची आहे.